सातपुड्यातील अंगणवाड्या आणि मुलांची घरची भाषा, सण, ओळख : अनुभव आणि सूचना हव्या आहेत

गोमाई

नमस्कार. एकात्मिक बाल विकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून माझी बहुतेक नोकरी शहादा, तळोदा आणि अक्राणी या तालुक्यांत झाली. निवृत्तीनंतरही ओळखीच्या सेविका फोन करून अडचणी सांगतात. अलीकडे एकच अडचण वेगवेगळ्या पाड्यांवरून कानावर येत आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

तीन-साडेतीन वर्षांचे मूल घरी अखंड बोलते, शेळ्यांमागे धावताना गाणी म्हणते, आजीशी हुज्जत घालते. तेच मूल अंगणवाडीत आले की महिनोन्महिने तोंड उघडत नाही. विकासाच्या टप्प्यांची नोंद घेताना रंग ओळखतो का, दोन-तीन शब्दांचे वाक्य बोलतो का, सांगितलेली वस्तू आणून देतो का, असे प्रश्न मराठीतून विचारले जातात. मूल गप्प राहते आणि नोंदीत ते 'मागे' पडलेले दिसते. त्याच्या बुद्धीत किंवा वाचेत काहीही उणे नसते. त्याला विचारलेलेच कळलेले नसते. अशा नोंदीमुळे दुहेरी नुकसान होते. धडधाकट मुलावर शिक्का बसतो, आणि ज्या मुलाला खरोखर ऐकू येत नाही किंवा ज्याची वाढ खरोखर अडली आहे, ते त्याच गप्प मुलांच्या गर्दीत लपून जाते.

जे वाचक खान्देशाबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. 2011 च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, आणि अक्राणी तालुक्यात तर हे प्रमाण दहात नऊहून अधिक आहे. पाड्यांवर पावरी, भिलोरी, देहवाली, मावची किंवा कोकणी बोलली जाते (ही कोकणी नवापूर-साक्रीकडच्या कोकणी समाजाची, सिंधुदुर्ग-गोव्याची नव्हे). बाजारात अहिराणी आणि गुजरी चालते, कार्यालयात प्रमाण मराठी, आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कानावर वर्षातले काही महिने गुजराती असते. म्हणजे अनेकदा मुलाची भाषा एक, सेविकेच्या घरची अहिराणी, आणि भिंतीवरच्या तक्त्याची भाषा तिसरीच. त्या तक्त्यावर अननस असतो, ऐरण असते. ज्या आमचुरावर धडगाव परिसरातल्या कितीतरी घरांचा उन्हाळा निघतो, तो मात्र तक्त्यावर कुठेच नसतो.

कायद्यात याविषयी काही नाही असे नाही. राज्यघटनेत 1956 मध्ये घातलेले कलम 350-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम 30 तर मूळनिवासी मुलाला आपली संस्कृती, धर्म आणि भाषा आपल्या समाजासह जगण्याचा हक्क देते, आणि ती संहिता भारताने 1992 मध्ये स्वीकारलेली आहे. यातले पाड्यापर्यंत फारच थोडे पोहोचते, हे मला दिसत आले आहे.

माझे मत स्पष्ट मांडते, म्हणजे चर्चेला धरायला काही राहील. आदिवासी मुलाची ओळख जपणे म्हणजे 9 ऑगस्टला, आदिवासी दिनी, त्याला पोशाख घालून उभे करणे, एवढ्यावर आपण समाधान मानता कामा नये. ती ओळख रोजच्या कामात दिसली पाहिजे : त्याला कोणत्या नावाने हाक मारली जाते, तहान लागल्याचे तो कोणत्या भाषेत सांगू शकतो, गोष्ट कोण सांगते, खेळायला हातात काय मिळते, यांत. आणि हे काम पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेतल्याशिवाय होणार नाही.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम केले, त्यात मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. परदेशी महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, शिंपले, दगड आले. 1975 मध्ये केंद्र सरकारची योजना सुरू झाली तेव्हा नाव अंगणवाडीचेच घेतले गेले. त्यामागचा विचारही तितकाच घ्यायला हवा होता.

ज्यांनी अशा मुलांसोबत काम केले आहे, ज्यांची स्वतःची मुले अशा अंगणवाडीत गेली आहेत, किंवा जे स्वतः या पाड्यांवर वाढले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

शिक्षक_चोपडा

ताई, विषय मांडल्याबद्दल आभार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतो. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांवरून पावरा आणि बारेला मुले येतात. अंगणवाडीत तीन वर्षे काढलेले मूल पहिलीत येते तेव्हा त्याला कविता तोंडपाठ असतात. सूर बरोबर, हातवारे बरोबर, पण त्यातल्या एकाही ओळीचा अर्थ त्याला सांगता येत नाही. पाहुणे आले की तीच कविता म्हणून घेतली जाते आणि सर्वांना वाटते की अंगणवाडी उत्तम चालली आहे. पाठांतराला शिक्षण समजण्याची ही सवय मला मूल गप्प राहण्यापेक्षाही घातक वाटते, कारण गप्प मुलाची निदान कोणीतरी चौकशी करते.

एक मुद्दा आवर्जून जोडतो. आदिवासी म्हटले की एकच संस्कृती डोळ्यांसमोर आणली जाते. यावल, रावेर आणि चोपडा तालुक्यांत तडवी भिल्ल समाज मोठा आहे. तो धर्माने मुस्लिम आहे, जमातीने भिल्ल आहे, आणि घरात त्याची स्वतःची बोली आहे. त्यांच्या मुलांसाठी ईदही आपली आणि सातपुड्याचे रानही आपले. कोणी उत्साहाने 'आदिवासी संस्कृतीचा तक्ता' छापून सगळ्या अंगणवाड्यांत लावला, तर ही मुले त्यात कुठे दिसणार? तक्ता छापण्याआधी त्या त्या वस्तीला विचारावे, एवढेच म्हणणे आहे.

पांझराकाठ

चर्चा चांगली आहे. पण मला एक शंका मोकळेपणाने मांडायची आहे आणि ती कोणाला दुखवण्यासाठी नाही. माझा संबंध धुळे जिल्ह्यातल्या एका स्वयंसेवी संस्थेच्या बालवाड्यांशी आहे. शिरपूर आणि साक्री तालुक्यांतले आदिवासी पालक आम्हाला पावरी किंवा कोकणी शिकवा असे कधीच म्हणत नाहीत. त्यांना मराठी हवी असते, आणि ज्यांना थोडे परवडते त्यांना इंग्रजी. ते म्हणतात की आमची बोली पोराला घरी येतेच, ती शिकायला अंगणवाडीत कशाला पाठवायचे? हा विचार अडाणीपणाचा नाही. बस, बँक, दवाखाना, तलाठी कार्यालय या सगळ्या ठिकाणी मराठी न येण्याची किंमत त्यांनी मोजलेली आहे. आपण सुशिक्षितांनी त्यांच्या मुलांना बोलीत ठेवायचे आणि आपली मुले सेमी इंग्रजीत घालायची, यात मला अन्याय दिसतो.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. एका अंगणवाडीत भिलोरीची आठ, पावरीची पाच आणि अहिराणीची चार मुले असतील तर एकट्या सेविकेने काय करावे? वजन-उंची, पोषण ट्रॅकर या ॲपवरची नोंद, गरम आहार, लसीकरणाचा दिवस, गृहभेटी हे सगळे तिलाच करायचे असते.

उदय_धडगाव

पांझराकाठ यांची शंका प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही तितक्याच नीटपणे देण्याचा प्रयत्न करतो. मी पावरा आहे. गाव धडगावच्या वरच्या अंगाला, शिक्षण आश्रमशाळेत, नोकरी सध्या नाशिकला.

पालक मराठी मागतात हे खरे आहे. माझे वडीलही मागत होते. परंतु मराठी हवी आणि पावरी नको, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली आमच्या लोकांची आहे, दुसरी आमच्या तोंडी घातली जाते. मराठी यावी म्हणूनच सुरुवात पावरीतून हवी. ज्याला 'लाल' ही गोष्ट पळसाच्या फुलावरून घरच्या भाषेत कळली आहे, त्याला त्यासाठी मराठी शब्द शिकायला क्षणभर लागतो. ज्याला ती कल्पनाच परक्या भाषेत गाठायची आहे, त्याला एका वेळी दोन ओझी उचलावी लागतात. 1953 मध्येच युनेस्कोच्या तज्ज्ञांनी हे सांगून ठेवले आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे.

'बोली घरी येतेच' हे विधान सातपुड्यात आज खरे आहे, शहरात नाही. माझ्या मुलीच्या बालवाडीतून आम्हाला सांगण्यात आले की घरी फक्त मराठी बोला, म्हणजे तिचा गोंधळ होणार नाही. आम्ही ते मानले नाही. माझी आई तिच्याशी पावरीतच बोलते, ती आईला पावरीत उत्तर देते आणि शाळेत मराठीही बोलते. तिचा कोणताही गोंधळ झालेला नाही. पण इमारतीत राहणाऱ्या आमच्या समाजाच्या इतर कुटुंबांनी सल्ला मानला, आणि सुट्टीत गावी गेल्यावर त्यांची मुले आजोबांशी बोलू शकत नाहीत. आजोबा मुलाच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि बापाकडे बघतात. ते बघणे मला सहन होत नाही.

नावांबद्दलही लिहावेसे वाटते. आमच्याकडे वारावरून नावे ठेवतात, पूर्वजांची नावे ठेवतात. अंगणवाडीच्या नोंदवहीत किंवा शाळेच्या दाखल्यावर कोणीतरी परस्पर 'सुधारून' दुसरेच नाव लिहिते, आणि पुढे आधार कार्डावर एक, जातीच्या दाखल्यावर दुसरे असे होऊन माणूस आयुष्यभर प्रतिज्ञापत्रे करत बसतो. सेविकाताईंनी नाव लिहिताना आईला दोनदा विचारावे आणि ती जे म्हणेल तेच लिहावे. याला पैसा लागत नाही, प्रशिक्षणही लागत नाही.

गोमाई

उदयदादा, नावाचा मुद्दा माझ्या यादीत राहून गेला होता. आपण अगदी योग्य जागी बोट ठेवले.

पांझराकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे एका अंगणवाडीत तीन भाषा असतील तर काय, माझे निरीक्षण सांगते. सेविका बाहेरची असली तरी मदतनीस बहुतेक वेळा त्याच पाड्याची असते. आपण तिला पाणी भरण्यात आणि भांडी घासण्यात अडकवून ठेवतो, परंतु मुलांची भाषा त्या खोलीत तिलाच येत असते. ज्या ठिकाणी सेविकेने सकाळचा पहिला अर्धा तास मदतनिसाच्या हाती दिला, तिथे मुले लवकर रुळलेली मी पाहिली आहेत. मुले आल्यावर त्यांच्या भाषेत विचारपूस, कालचे काय झाले, शेळी व्याली का, नदीला पाणी आले का, एवढेच. मग सेविका मराठीत तेच बोलते, आणि मुले दोन्ही ऐकतात. सेविकेने सगळ्या भाषा शिकाव्यात अशी अपेक्षा कोणीच करत नाही. तिला गरजेचे शब्द यावेत : तहान, भूक, पोट दुखते, लघवीला जायचे आहे, झोप आली, भीती वाटते, आई येणार आहे. रडणाऱ्या मुलाला 'तुझी याहा (आई) येईल' हे त्याच्या भाषेत सांगितले, की त्याचा सूर बदलतो.

सेविकेवर कामांचा भार आहे, हे मात्र पूर्णपणे मान्य. तिच्या मानधनाचा आणि भरण्याच्या माहितीचा प्रश्न सुटल्याशिवाय तिच्याकडून आणखी एक काम मागणे योग्य नाही. म्हणूनच मी जे सुचवते ते शक्यतो तिच्या चालू कामात बसेल असे सुचवते.

रंगावली

मी नवापूर तालुक्यातली, कोकणी समाजाची. दोन मुले अंगणवाडीत जाऊन आता शाळेत गेली आहेत. मला सणांविषयी सावधगिरीची सूचना करायची आहे.

आमच्याकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. त्यात सहभागी होणारी माणसे व्रतस्थ असतात, त्यांचे खाणे, राहणे, वागणे सगळ्याला नियम असतात, आणि शेवटी डोंगरावर देवाच्या ठिकाणी जायचे असते. हे आमच्यासाठी नृत्य नाही. एका कार्यक्रमात लहान मुलांना ओळीत उभे करून त्याचे 'सादरीकरण' केलेले मी पाहिले. माझ्या सासऱ्यांना फार वाईट वाटले आणि ते मध्येच उठून गेले. ज्यांनी ते बसवले त्यांचा हेतू चांगला होता, पण कोणालाच विचारलेले नव्हते. वरच्या पट्ट्यातल्या होळीत बुध्या आणि बावा होणारी माणसेही नवस आणि पथ्ये पाळतात, असे आमच्या तिकडच्या नातेवाइकांकडून ऐकले आहे. त्यांच्या मोरपिसांच्या टोप्यांची पुठ्ठ्याची नक्कल मुलांच्या डोक्यावर घालण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचारायला हवे. कोणती गोष्ट मुलांनी खेळायची आणि कोणती नुसती मोठ्यांजवळ बसून बघायची, हे आमच्या समाजाला नीट माहीत आहे.

याशिवाय आमच्या तालुक्यात कोकणी आहेत, मावची आहेत आणि त्यांत ख्रिस्ती झालेली घरेही पुष्कळ आहेत. एकाच अंगणवाडीत ही सगळी मुले बसतात. देव वेगवेगळे असले तरी पेरणी, रानभाज्या, भाताची लावणी, तुरीच्या शेंगा, पाऊस न आल्यावरची काळजी ही सगळ्यांची सारखी असते. अंगणवाडीत गाणी आणि गोष्टी घ्यायच्या तर प्रथम या कामांच्या घ्याव्यात, त्यात कोणीही मूल बाहेर राहत नाही.

उदय_धडगाव

रंगावलीताईंनी सांगितले ते आमच्याकडे तंतोतंत लागू आहे. होळीची पालनी, म्हणजे व्रत, धरलेला माणूस खाटेवर झोपत नाही, अनेक गोष्टी वर्ज्य करतो. मुले हे सगळे घरात बघतच वाढतात.

होळीच्या संदर्भात अंगणवाडीचे वेळापत्रकही बघायला हवे. दिवाळीनंतर आमच्या पाड्यांतली बरीच कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला आणि शेतमजुरीला जातात, आणि भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा मोठा आठवडे बाजार) व होळी यांसाठी कुठेही असली तरी परत येतात. त्या दिवसांत मूल पाड्यावर असते, पण अंगणवाडीत नसते, कारण सारे गाव सणात असते. ही अनुपस्थिती पालकांच्या अनास्थेत मोजली जाते. खरे तर वजन-उंची, लसीकरण, आईशी बोलणे यांसाठी वर्षातली यापेक्षा चांगली वेळ नाही. गावोगावच्या होळीच्या तारखा पाड्यावरच्या लोकांना आधीपासून माहीत असतात. कार्यालयाने त्या विचारून नियोजन करावे.

वेलिंग्टनकर

मूळचा अमळनेरचा, गेली बरीच वर्षे न्यूझीलंडमध्ये आहे. माझ्या पत्नीने येथे बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यामुळे घरात हा विषय नेहमी असतो. येथील अनुभव उपयोगी पडेल असे वाटते.

माओरी लोकांच्या लक्षात आले की त्यांची भाषा आता म्हाताऱ्यांपुरती उरली आहे. 1982 मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता येथे पहिले कोहांगा रेओ सुरू झाले. तेथे शाळेआधीची मुले दिवसभर फक्त माओरी भाषेत राहतात, समाजातल्या आज्या-आजोबा त्यांच्याबरोबर असतात, आणि केंद्राचे निर्णय त्या मुलांची कुटुंबे मिळून घेतात. चळवळ काही वर्षांतच देशभर पसरली. ही मुले मोठी झाल्यावर पुढची शाळाही माओरीत हवी अशी मागणी पालकांनीच केली, आणि 1985 मध्ये तशी पहिली शाळा निघाली. 1987 मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला, आणि 1996 मध्ये 'ते फारिकी' हा राष्ट्रीय बालशिक्षण अभ्यासक्रम इंग्रजी आणि माओरी अशा दोन्ही भाषांत आला. तो सर्वच मुलांसाठी आहे, माओरी मुलांपुरता वेगळा काढलेला नाही.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की वृद्धांना तेथे एका दिवसाचे पाहुणे म्हणून बोलावले गेले नाही. ते शिक्षकच होते.

गोमाई

वेलिंग्टनकर, आपण दिलेल्या माहितीबद्दल मनापासून आभार. आपल्याकडची परिस्थिती एका अर्थाने उलट आहे, आणि ती आपली जमेची बाजू आहे. त्यांना नातवंडांच्या तोंडी भाषा परत आणावी लागली. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ती मुलांच्या तोंडी आजही आहे, आणि आपण ती तीन ते सहा या वयात गप्प करतो आहोत. त्यांनी जे फार कष्टाने उभे केले त्याचा कच्चा माल आपल्याकडे प्रत्येक ओट्यावर बसलेला आहे.

देशातही उदाहरणे आहेत. ओडिशाने 2006 च्या सुमारास आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि पुढे अंगणवाडीसाठीही त्या भाषांत साहित्य तयार केले. आपल्याच जिल्ह्यात नर्मदाकाठच्या विस्थापितांच्या जीवनशाळा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालल्या आणि तेथे स्थानिक तरुण मुलांना शिकवत आले. 2011 च्या जनगणनेत देशभरात भिली-भिलोडी गटाच्या भाषा बोलणारे एक कोटीहून अधिक लोक नोंदलेले आहेत. एवढ्या लोकांच्या भाषेत अंगणवाडीच्या भिंतीवर लावायला एक चित्रतक्ता नसावा, हे मला फार लागते.

पांझराकाठ

सर्वांनी संयमाने उत्तरे दिली, त्यामुळे माझी बरीच शंका फिटली. पालक मराठी मागतात तेव्हा ते घरची भाषा नाकारत नाहीत, हा उदय यांचा मुद्दा मी आमच्या पालक सभेत मांडून बघेन, आणि निर्णय पालकांवरच सोपवेन. पण काय करायचे ते आमच्या बालवाडीताईंना ठोस सांगता येईल असे काही येथे तयार होऊ शकेल का? दीर्घ निवेदन नको. सोमवारी सकाळी हातात घेता येईल असे काही हवे.

शिक्षक_चोपडा

माझी सूचना शब्दांच्या तक्त्याची आहे. गोमाईताईंनी सांगितलेले गरजेचे शब्द, शरीराचे अवयव, नाती, घरातली जनावरे आणि आहाराचे पदार्थ, असे पन्नास-साठ शब्द पावरी, भिलोरी, मावची, कोकणी आणि तडवी बोलीत गोळा करता येतील. देवनागरीत लिहावेत आणि सोबत ध्वनिमुद्रण असावे, कारण लिहिलेल्यावरून उच्चार कळत नाही. आहाराच्या पदार्थांत ज्वारीची भाकर, उडदाची डाळ, मोर आणि बंटी या भरडधान्यांचा भात यांना अवश्य घ्यावे. अंगणवाडीत मिळते तेच सकस आणि घरातले ते गरिबीचे, असे मुलाला कळत-नकळत शिकवले जाते. या धान्यांची नावे तक्त्यावर आदराने आली तर त्याला थोडा तरी आळा बसेल.

गोमाई

फार चांगली सूचना आहे, सर. विकासाच्या टप्प्यांचे प्रश्नही याच यादीत घालू, म्हणजे 'लाल बी दे', 'मोठा दगड कोणता', 'तुझे नाव काय' अशी साधी वाक्ये. मूल ओळखीच्या माणसाच्या मांडीवर असताना, त्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या वस्तूंनी हे विचारायचे आणि मगच नोंद करायची. त्यानंतरही मूल प्रतिसाद देत नसेल तर मात्र वेळ न दवडता कानांची आणि पुढची तपासणी करून घ्यायची.

ज्या आज्या शब्द, गाणी, गोष्टी सांगतील त्यांना विचारल्याशिवाय ध्वनिमुद्रण करू नये, आणि त्यांचा मजुरीचा दिवस मोडत असेल तर त्याची भरपाई आपण वर्गणीतून द्यावी, असे मला वाटते. पावरीचे काम उदयदादा, कोकणीचे रंगावलीताई आणि तडवीचे शिक्षक सर बघू शकतील का? भिलोरी आणि देहवालीसाठी मी अक्कलकुवा-तळोद्याकडच्या दोन मदतनिसांशी बोलते.

रंगावली

कोकणीचे माझ्याकडे. सासरे आणि त्यांच्या बहिणी आनंदाने सांगतील. मावचीसाठी शेजारच्या गावातली मैत्रीण आहे, तिलाही विचारते.

उदय_धडगाव

पावरीचे मी करतो. भोंगऱ्याच्या आठवड्यात गावी जाणार आहे, तेव्हा मावशी आणि तिच्या वयाच्या बायका बाहेरगावाहून परतलेल्या असतील. एक विनंती आधीच करून ठेवतो : प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या गावातून घेतला ते लिहावे. आमच्याकडे एका खोऱ्यातला शब्द दुसऱ्या खोऱ्यात बदलतो, आणि यादी छापून आल्यावर एका गावचा शब्द बरोबर व दुसऱ्या गावचा चूक असे कोणी मुलांना सांगू लागले, तर जे टाळण्यासाठी हे काम चालले आहे तेच पुन्हा होईल. दोन रूपे मिळाली तर दोन्ही लिहू.

गोमाई

मान्य. यादीत गावाचा रकाना ठेवते आणि कोरा नमुना उद्या येथेच टाकते.